मामाची वेबसाइट माळ्यावर

बांद्याच्या बाजारपेठेत पावसाच्या तोंडावर एक काम कुणी न सांगता होतं. दुकानातला खालच्या फळ्यांवरचा माल माळ्यावर चढतो. तेरेखोल नदी भरून आली की पाणी पेठेत कधी शिरेल याचा नेम नसतो, आणि एकदा शिरलं की तांदळाचं पोतं उचलायलाही वेळ मिळत नाही. तुम्ही सिंधुदुर्गातले असाल तर हे तुम्हाला सांगायला नको. नसाल तर एवढंच लक्षात ठेवा, की मुंबई-गोवा हायवेवरून गोव्यात शिरायच्या आधी लागणारं मोठं गाव म्हणजे बांदा.

यंदा आमच्या घरच्या माळ्यावर चढवायच्या सामानात एक वेबसाइट होती.

ती माझ्या मामाची. मामा डोंबिवलीला राहायचा, सकाळी लोकल पकडायचा, रात्री घरी आला की कॉम्प्युटरसमोर बसायचा. २००२-०३ च्या सुमारास त्याने बांद्यावर एक वेबसाइट बनवली. कुणी सांगितलं नव्हतं, त्यातून एक रुपया मिळणार नव्हता. बांदेश्वराच्या देवळाचे फोटो, दशावतारातल्या नटांचे तोंडाला रंग लावतानाचे फोटो, आजीच्या तोंडचे मालवणी शब्द आणि त्यांचे अर्थ, पुराच्या आठवणी, ‘एसटीने बांद्याला कसे याल’ असं एक पान, आणि सगळ्यात खाली ‘आपण अमुकावे पाहुणे आहात’ सांगणारा आकडा. रंगसंगती विचारूच नका. जांभळ्यावर पिवळी अक्षरं, त्यात लुकलुकणारे तारे. आम्ही भाचरं त्यावरून मामाला छळ छळ छळायचो. तो हसायचा आणि पुढच्या सुट्टीत आणखी चार फोटो चढवायचा.

गेल्या वर्षी मामा गेला. यंदा मे महिन्यात मामेभावाला कळलं, की ज्या कंपनीच्या सर्व्हरवर साइट होती ती जुने प्लॅन बंद करतेय, आणि डोमेनची मुदतही जूनअखेर संपतेय. मामाच्या ईमेलचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. कंपनीला लिहिलं, तर उत्तर आलं की खातेदाराने स्वतः लॉगिन करावं. आता खातेदार कुठून आणायचा? मामी एवढंच म्हणाली, “म्हंजे बाय, ह्या सगळा जातला?”

मी कॉम्प्युटर सायन्सला आहे म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मला काहीही येत नव्हतं. सिलॅबसमध्ये वेबसाइट बनवायला शिकवतात, वाचवायला नाही.

तुम्हाला वाटत असेल, इंटरनेटवर टाकलेलं कधी पुसलं जात नाही. आपल्याला लहानपणापासून तशीच भीती घातलीय. पण ती अर्धवट खरी आहे. तुमचा लाजिरवाणा फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये राहतो. तुमच्या मामाने वीस वर्षं जपलेली साइट मात्र एका न भरलेल्या बिलाने जाते. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये याची मोजदाद केली. २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. आणि साध्यासुध्यांचं सोडा, जगातल्या पहिल्या वेबपानाची गोष्ट बघा. टिम बर्नर्स-ली यांनी ते स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत तयार केलं. २०१३ मध्ये सर्नने ते पुन्हा त्याच पत्त्यावर लावायचं ठरवलं, तेव्हा हाताशी होती ती १९९२ ची प्रत. अगदी पहिल्या अवताराची प्रत सर्नने ठेवलीच नव्हती. ठेवावी असं वाटलंच नसणार. आपण रोज बदलणाऱ्या फळ्याचा फोटो कुठे काढतो?

हे वाचवण्याचं काम सगळ्यात मोठ्या प्रमाणावर झालं ते जिओसिटीजच्या वेळी. तुमच्या काका-मावशीला हे नाव विचारून बघा. १९९४ मध्ये सुरू झालेली ही सेवा कुणालाही फुकट वेबपानं बनवू द्यायची. तिथे विषयांप्रमाणे ‘वस्त्या’ होत्या, हॉलिवूड, सिलिकॉन व्हॅली, अथेन्स, आणि तुम्ही त्यात आपलं घर घ्यायचं. १९९९ मध्ये याहूने ती अब्जावधी डॉलर्सना विकत घेतली आणि दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ ला, कुलूप लावलं. लक्षावधी लोकांची पानं: मांजरांवरची, मेलेल्या भावाच्या आठवणींची, गाण्यांच्या यादींची. बंद करणार हे एप्रिलमध्ये जाहीर झाल्यावर जेसन स्कॉट नावाच्या गृहस्थाने आर्काइव्ह टीम या नावाखाली हौशी मंडळी जमवली आणि ही माणसं आपापल्या मशीनवरून रात्रंदिवस पानं उतरवत बसली. वर्षभराने त्यांनी सगळ्यांसाठी खुली केलेली फाइल सहाशे जीबींच्या वर होती. गंमत म्हणजे त्यात ‘काम चालू आहे’ अशा पिवळ्या पाट्यांची, फावडं मारणाऱ्या मजुरांची हलती चित्रं शेकड्यांनी सापडली. मामाच्या साइटवरही तो मजूर होता. वीस वर्षं खणतोय बिचारा.

उलटं उदाहरणही आहे. मायस्पेसवर २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, हे २०१९ मध्ये उघड झालं. आकडा पाच कोटी गाण्यांचा सांगितला गेला. कॉलेजच्या बँडने गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेलं एकमेव गाणं त्यात असेल, तर ते गेलं. तिथे ‘आम्ही बंद करतोय’ अशी पाटीसुद्धा लागली नव्हती.

तर मी बसले. पहिलं शहाणपण हे, की साइटचा मालक हयात असेल आणि त्याच्याकडे पासवर्ड असेल, तर उगाच हुशारी करू नका. त्याला सर्व्हरवरचं सगळं फोल्डर झिप करून द्यायला सांगा. त्यातच मूळ फाइली मिळतात. बाहेरून कॉपी करताना आपल्याला मिळतं ते फक्त ब्राउझरला दिसणारं. मागे डेटाबेस असेल तर तो हाती लागत नाही. आमच्याकडे तो रस्ता बंद होता, म्हणून बाहेरून.

बाहेरून उतरवायला दोन जुनी, फुकट, भरवशाची हत्यारं आहेत. एक एचटीट्रॅक, १९९८ पासूनचं. खिडकीत पत्ता टाका, फोल्डर निवडा, बटण दाबा. दुसरं जीएनयू डब्ल्यूगेट, ते काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून चालतं. अँड्रॉइडवर टर्मक्स टाकलंत तर फोनवरही चालतं, म्हणजे लॅपटॉप नाही ही सबब नको. डब्ल्यूगेटला पाच गोष्टी सांगायच्या: ‘मिरर’ म्हणजे लिंकमागून लिंक पकडत सगळी साइट आण, ‘पेज रिक्विझिट्स’ म्हणजे पानाला लागणारी चित्रं आणि इतर फाइलीही आण, ‘कन्व्हर्ट लिंक्स’ म्हणजे पानांमधले पत्ते बदलून असे कर, की नेट नसताना माझ्या फोल्डरमध्येच एका पानावरून दुसऱ्यावर जाता येईल, ‘नो पेरेंट’ म्हणजे दिलेल्या फोल्डरच्या वर चढू नकोस, आणि ‘वेट’ म्हणजे दोन फाइलींच्या मध्ये थांब. हे शेवटचं विसरू नका. जुनी साइट सहसा कमकुवत सर्व्हरवर असते. धडाधड मागण्या पाठवल्या तर तो तुम्हाला हाकलून देतो किंवा स्वतःच बसतो. मी दोन सेकंद ठेवले. आंब्याच्या पेट्या भरतो तसं, एकेक, न आपटता.

मामाच्या घरी रेंज खिडकीतल्या एका कोपऱ्यात येते. फोन तिथे पुस्तकांच्या ढिगावर ठेवला, हॉटस्पॉट लावला, कमांड दिली. चार मिनिटांत काम फत्ते! मी ओरडलेच. फोल्डर उघडलं तर आत तीन पानं. मुखपृष्ठ, ‘माझ्याविषयी’ आणि संपर्क.

झालं असं, की मामाने त्या काळच्या फॅशनप्रमाणे मेनू जावास्क्रिप्टमध्ये केला होता. माउस नेला की पर्याय खाली उघडतात, तसला. उतरवणारं सॉफ्टवेअर पानातल्या साध्या लिंका वाचतं. जावास्क्रिप्ट चालवून बघत नाही. त्याच्या लेखी त्या साइटला दारं नव्हतीच. तुमच्या बाबतीतही हे होणार आहे, म्हणून सांगतेय: ‘पूर्ण झालं’ असा संदेश आला म्हणजे पूर्ण झालं असं नाही. ब्राउझरमध्ये जिवंत साइट आणि शेजारी आपली प्रत उघडा, आणि पान पान ताडून बघा.

उपाय सोपा निघाला. मेनूची फाइल नोटपॅडमध्ये उघडली, तर सगळ्या पानांची नावं तिथे ओळीने लिहिलेली. ती यादी एका साध्या फाइलमध्ये टाकून डब्ल्यूगेटला दिली. तेवढ्यात गडगडाट झाला आणि लाइट गेली, ती पहाटे आली. मिरगाचा पाऊस. दुसऱ्या दिवशी उरलेलं आणलं.

मग वेबॅक मशीनकडे गेले. ब्रूस्टर काल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनेट आर्काइव्ह सुरू केलं. तिथे साठलेली जुनी पानं २००१ पासून कुणालाही बघता येतात. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे २०२५ मध्ये, त्यांनी एक लाख कोटी पानांचा टप्पा गाठला. बहुतेक लोक तिथे एक पत्ता टाकून जुनं पान बघतात आणि परत येतात. पण तिथे एखाद्या साइटच्या जेवढ्या म्हणून पानांची नोंद झालीय त्या सगळ्या पत्त्यांची यादीही मिळते. ती मागवली आणि मेनूच्या यादीशी ताडली, तर चार पानं जास्तीची निघाली. मामाने मेनूतून काढून टाकलेली, पण सर्व्हरवरून न पुसलेली. त्यातलं एक आजीवर होतं. अर्धंच लिहिलेलं. ‘पुढे लिहायचे आहे’ असं खाली. आमच्या घरात हे पान कुणीही वाचलेलं नव्हतं, मामीनेसुद्धा.

वेबॅक मशीनवर सगळं आहेच, मग हा उपद्व्याप कशाला, असं मला एका मैत्रिणीने विचारलं. कारण सगळं नाहीये. मामाच्या साइटची त्यांच्याकडची पानं होती, फोटो निम्म्याहून कमी. त्यांचा रोबो कधीतरी येतो, वरवर बघून जातो. शिवाय ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावरच सायबर हल्ला झाला आणि काही दिवस ते संग्रहालय बंद राहिलं. पण हेही करा: तिथे ‘सेव्ह पेज नाऊ’ ही सोय आहे. पत्ता टाकला की ते पान त्याच क्षणी त्यांच्याकडे जमा होतं. साइट लहान असेल तर बसून एकेक पान टाका. मी आजीचं पान सगळ्यात आधी टाकलं.

आता फॉन्टचा घोळ. तुम्ही जन्मापासून युनिकोडमध्ये वावरताय, त्यामुळे ही कटकट तुम्हाला माहीत नसेल. त्या काळी मराठी पानं शिवाजी, किरण, योगेश अशा फॉन्टांत लिहिली जायची. म्हणजे कॉम्प्युटरच्या दृष्टीने अक्षरं इंग्रजीच; फक्त त्यांवर देवनागरीचं चित्र चिकटवलेलं. फॉन्ट असेल तर ‘बांदा’ दिसणार, नसेल तर कंस, टिंबं आणि उलटेसुलटे रोमन वर्ण. सर्च इंजिनलाही तो कचराच. मामाच्या साइटवर म्हणून तर ‘फॉन्ट इथून उतरवा’ अशी लाल पट्टी होती. त्या पट्टीमागची फाइल झिप होती आणि ती वेगळ्या फोल्डरमध्ये होती, म्हणून माझ्या पहिल्या दोन्ही फेऱ्यांत आली नव्हती. नंतर लक्षात आलं तेव्हा घाम फुटला. फॉन्ट गेला असता तर चाळीस एमबीचा अख्खा खजिना नुसता न वाचता येणारा ढीग झाला असता. तेव्हा जुनी मराठी साइट उतरवत असाल तर फॉन्ट आधी, बाकी मागाहून.

त्या फॉन्टांचा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. ते नव्वद टक्के काम बरं करतात आणि उरलेल्यात रफार भलत्याच अक्षरावर बसवतात, पहिली वेलांटी एक घर सरकवतात. प्रमाण मराठीत चूक लगेच दिसते. मालवणी शब्दांत? ‘हा शब्द असाच आहे की कन्व्हर्टरने मोडलाय’ हे मला कळेना. मामीला फोन करावा लागायचा. म्हणून एक नियम पाळा: उतरवलेली मूळ प्रत हात न लावता बाजूला ठेवायची, आणि जी काय तोडफोड करायची ती तिच्या दुसऱ्या प्रतीवर.

हे सगळं करताना तिसऱ्या रात्री फोल्डरमधल्या फाइली आकारानुसार लावून बघत होते. सगळ्यात मोठी फाइल फोटो नव्हती, आवाजाची होती. नाव ‘स्वागत’. मला कळेना, कारण साइट उघडल्यावर मी कधी काही ऐकलं नव्हतं. मुखपृष्ठाचा कोड बघितला. त्यात पान उघडताच आपोआप आवाज वाजवणारी एक खूण होती, पण ती फक्त इंटरनेट एक्सप्लोररला कळायची. बाकीचे ब्राउझर तिच्याकडे बघतही नाहीत. म्हणजे आमच्या घरात क्रोम आल्यापासून ती फाइल दर वेळी पानासोबत उभी होती आणि कुणालाच ऐकू येत नव्हती.

वाजवली. आधी पंख्याचा आवाज. मग मामा: “येवा, बांद्याक येवा. चाय घेतल्याशिवाय जावचा नाय हां.” आणि मागून कुणीतरी हसतंय. ती मामी होती.

मी रात्री साडेअकराला तिला उठवलं नाही. सकाळी ऐकवलं. तिने तीनदा ऐकलं आणि मग चहा टाकायला गेली.

इथे कायद्याचं थोडं बोलू, कारण हत्यार हातात आलं की आपण सुटतो. साइट उघडी दिसते म्हणून ती आपली होत नाही. आपल्याकडे लेखनावरचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या वारसांकडे असतो. स्वतःच्या अभ्यासासाठी प्रत ठेवणं वेगळं आणि तीच साइट आपल्या नावाने पुन्हा चढवणं वेगळं. दुसऱ्यासाठी आधी मालकाला किंवा वारसांना विचारा. मी मामी आणि मामेभाऊ दोघांना विचारलं. मामीची अट एकच होती: दशावतारातल्या ज्या कलाकारांचे घरगुती फोटो आहेत, त्यांच्या घरी विचारल्याशिवाय ते कुठे टाकायचे नाहीत. मला हे सुचलं नव्हतं.

काही जण मात्र मुद्दामच दार उघडं ठेवतात. पुण्यातले अरविंद गुप्ता तुम्हाला ‘कचऱ्यातून खेळणी’साठी माहीत असतील. आयआयटी कानपूरचे इंजिनीअर, आयुकाच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षं काम, २०१८ ची पद्मश्री. त्यांची वैयक्तिक वेबसाइट बघा. झगमगाट शून्य, दिसायला अगदी जुनी, पण आत खेळण्यांच्या कृती, छोट्या फिल्म्स, आणि हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतली ढीगभर पुस्तकं. सगळं उतरवून घ्या, वाटा, असाच त्यांचा आग्रह. नेट नसलेल्या शाळेत पेनड्राइव्हवर नेण्यासारखी याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. हात बसवायचा असेल तर तिथला खेळण्यांचा एखादा विभाग उतरवून बघा. सगळी साइट एकदम नको, पुस्तकांनी डिस्क भरेल.

तुमच्या घरात, गल्लीत, कॉलेजात असं कोण आहे हे तुम्हालाच ठाऊक. निवृत्त सरांनी बनवलेली गणिताची पानं, कुणा आत्याचा दहा वर्षांपूर्वी थांबलेला पाककृतींचा संग्रह. गूगलने तर २०२३ मध्ये जाहीरच केलं, की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती आतल्या सगळ्या सामानासह पुसली जाऊ शकतात. माणूस गेल्यावर खातं कोण वापरणार? घरात विचारून ठेवा, पासवर्ड कुठल्या वहीत आहे ते. विषय अवघड आहे, मला माहितीय. बँकेच्या नॉमिनीचा विषयही अवघडच असतो, तो आपण काढतोच की.

३० जूनला डोमेनची मुदत संपली. अशा वेळी पत्ता लगेच दुसऱ्याला मिळत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत आधी काही आठवडे सवलतीचे, मग महिनाभर दंड भरून सोडवायचे, आणि पाच दिवसांनी तो बाजारात. मामेभाऊ त्यावर डोळा ठेवून आहे. मिळाला तर घेऊ. नाही मिळाला तर तिथे एखाद्या जुगाराच्या अॅपची जाहिरात लागेल. सध्या तिथे पांढरं पान येतं.

प्रती तीन आहेत. एक माझ्या लॅपटॉपवर, एक मामेभावाकडे पुण्यात, कारण एकाच घरात तीन प्रती ठेवून पुराला काय फरक पडणार? तिसरी पेनड्राइव्हवर, मामीच्या कपाटात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत. एक गोष्ट नाही वाचली. साइटवर पाहुण्यांची वही होती, लोक त्यात अभिप्राय लिहायचे. ती दुसऱ्याच एका फुकट सेवेच्या सर्व्हरवर होती, आणि ती सेवा कधीच बंद पडलीय. वेबॅक मशीनवर तिचं एकच पान सापडलं. कुवेत, विरार, मडगाव अशा ठिकाणांहून लिहिलेल्या सात-आठ ओळी. बाकीच्या गेल्या. पाहुण्यांचा तो आकडाही तसाच, दुसरीकडून यायचा. आमच्या प्रतीत त्या जागी रिकामी चौकट दिसते.

मालवणी शब्दांची यादी अजून पूर्ण सुधारून झालेली नाही. चार पानं उरलीत, आणि त्यातल्या बऱ्याच शब्दांवर मामीही अडते. चतुर्थीला सगळे गावी येतील. आजोळच्या दोन्ही मोठ्या मावश्याही असतील. तेव्हा लॅपटॉप ओसरीवर घेऊन बसणार आहे.